करार कधी संपतो, ते आधी विचारा

नाशिकमध्ये ऑफिस काढायचं आमच्या कंपनीत ठरलं आणि त्याचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. मी मूळची नाशिकच्या सिडकोतली, आणि अंबड व सातपूर या दोन वेगळ्या एमआयडीसी आहेत हे टीममध्ये फक्त मलाच माहीत होतं. निवडीमागे याहून मोठं कारण नसावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, धंदा सांगते. पगाराव्यतिरिक्त माणसांना जे द्यायचं असतं, म्हणजे ग्रुप मेडिक्लेम, टर्म विमा, ग्रॅच्युइटी, पेन्शन, ते किती द्यायचं, कुणाकडून घ्यायचं आणि त्याचा ताळेबंदावर काय भार पडेल, याचा सल्ला आम्ही देतो. मुख्यालय परदेशात, भारताचं ऑफिस मुंबईत, आणि आशियाचे आकडे मागणारी माणसं सिंगापुरात.

अशी कंपनी नाशिकपर्यंत का येते? या धंद्यात वाढीचा जुना रस्ता म्हणजे दुसरी कंपनी विकत घेणं. एऑनने २०१० मध्ये ह्युइट घेतली. त्याच वर्षी टॉवर्स पेरिन आणि वॉटसन वायट एक झाल्या, २०१६ मध्ये त्या विलिसशी जोडल्या गेल्या. मर्सरने २०१८ मध्ये आपल्याकडची मेटल (Mettl) ही कंपनी घेतली. मग २०२० मध्ये एऑनने विलिस टॉवर्स वॉटसनच घ्यायचं जाहीर केलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने कोर्टात आडकाठी केली आणि जुलै २०२१ मध्ये तो व्यवहार मोडला. त्यानंतर बड्यांनी बड्यांना गिळण्याचे दिवस निदान काही काळ तरी सरले, असं माझं मत. मग वाढ आणायची कुठून? छोट्या गावांतून, मधल्या आकाराच्या कारखान्यांतून. भारतात त्याला आणखी एक निमित्त होतं. विमा ब्रोकरच्या व्यवसायात १०० टक्के परकी मालकीला २०२० मध्ये वाट मोकळी झाली, त्यामुळे इथे ओतलेला पैसा आणि इथला नफा दोन्ही आपलेच, हे वरच्यांना दिसू लागलं.

सिंगापूरहून एक्सेलची शीट आली. शहरातल्या कंपन्या, गुणिले सरासरी माणसं, गुणिले माणशी प्रीमियम, गुणिले आपल्याला मिळू शकणारा वाटा. खाली तीन वर्षांची बेरीज, आणि ती बेरीज आधीच भरलेली. मला फक्त वरच्या खान्यांत नाशिक बसवायचं होतं.

सुरुवात मी मोठ्या नावांपासून केली, कारण शीटमध्ये तोच रकाना पहिला होता. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर. परकी मालकीचे कारखाने इथे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही तर आमच्या जगभरच्या ग्राहकांच्या यादीतलेच. प्लँटचे एचआर चहा पाजत, प्रेझेंटेशन शेवटपर्यंत बघत, आणि मग सांगत, "मॅडम, आमच्या हातात काही नाही हो. पॉलिसी पुण्याहून येते, आम्ही फक्त ई-कार्ड वाटतो." पुण्याच्याही वर बरंच काही असतं. पाच-दहा देशांतल्या ग्रुप विम्याची जोखीम एका जाळ्यात एकत्र मोजायची आणि वर्ष चांगलं गेलं की त्यातला फायदा मूळ कंपनीने परत घ्यायचा, अशी पूलिंगची पद्धत आहे. त्या साखळीतला भारताचा दुवा कोण, हे युरोपात ठरतं. गोंद्याच्या एचआरने तिथे कोणता कोट मागवायचा? मी तो रकाना रिकामा केला. त्याबरोबर बेरजेचा मोठा भाग गळला, आणि मुंबईहून पहिला काळजीचा फोन आला.

उरले मालकाचे कारखाने. मशीन शॉप, फोर्जिंग, प्रेस शॉप, प्लास्टिक मोल्डिंग, इलेक्ट्रिकल पॅनेलवाले. माणसं शंभरापासून चारशेपर्यंत. बहुतेक जण मोठ्या प्लँटचे व्हेंडर. इथे निर्णय तीन माणसं मिळून घेतात: शेठ, त्यांचे सीए, आणि विमावाले काका. काकांनी शेठच्या लग्नाआधीपासून एलआयसी केलेली असते. गाड्यांचा विमा त्यांचा, शेडची फायर पॉलिसीही त्यांची. ग्रुप मेडिक्लेम त्यांच्याकडे आला तो बहुधा २०२० मध्ये. त्या वर्षी १५ एप्रिलच्या गृह मंत्रालयाच्या आदेशात, कारखाना पुन्हा सुरू करायचा तर कामगारांचा वैद्यकीय विमा हवा, असं कलम होतं. मे महिन्यात शेठनी काकांना फोन केला, काकांनी जी मिळाली ती पॉलिसी आणली, आणि तीच दरवर्षी रिन्यू होत राहिली. खोलीभाड्याची मर्यादा किती, बाळंतपण आहे का, आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेत का, हे कुणी वाचलेलं नव्हतं.

म्हणजे आमच्यासारख्यांना सोपं रान. मलाही तसंच वाटलं होतं. अंबडच्या एका प्रेस शॉपच्या शेठना मी त्यांच्याच पॉलिसीतली भोकं दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे, ताई. पण माझ्या माणसाकडे रात्री दोन वाजता हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं, तर फोन कोण उचलणार?"

मी टोल-फ्री नंबर सांगितला. ॲपही दाखवलं.

"काका उचलतात," शेठ म्हणाले.

काका फोन उचलतात, आणि गरज पडली तर स्कूटर काढून मुंबई नाक्यापर्यंत जातात. क्लेम त्यांच्या प्रयत्नाने पास होतो की आपोआप, हा भाग वेगळा. पण माणूस येऊन उभा राहिलेला असतो. हे खर्चात कुठे धरायचं याला शीटमध्ये जागाच नव्हती. सेवेचा खर्च तिथे प्रीमियमची ठरावीक टक्केवारी म्हणून आपोआप येत होता.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ती मला एका युनियनच्या कमिटी मेंबरने सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात.

शीट प्रत्येक कामगाराला संभाव्य ग्राहक धरत होती. पण महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असतो. मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. त्याच्यासाठी वेगळा मेडिक्लेम शेठ कशाला घेतील? कंत्राटी माणसं, हेल्पर, नवे ऑपरेटर सगळे त्यात. म्हणजे तीनशे माणसांच्या कारखान्यात आमचा बाजार पुष्कळदा स्टाफ आणि जुने पर्मनंट एवढाच, आणि तो आधीच काकांकडे.

पण ही रेघ जागची हलत नाही आणि पगार मात्र हलतो. मर्यादा २१,००० झाली ती जानेवारी २०१७ मध्ये. त्यानंतर नाशिकच्या कारखान्यांत वेतनवाढीचे किती करार होऊन गेले असतील! युनियन आणि मालक यांच्यातला करार साधारण तीन-चार वर्षांचा. सही झाली की एका दिवसात पन्नास-साठ माणसं रेघेपलीकडे जातात. वर्गणीचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार वाढला तरी चालू काळ संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, मग नाव निघतं. उपचाराचा हक्क पुढे काही महिने टिकतो, पण शेवटी तोही संपतो.

"वाढ मिळाली चार हजार, आणि आईचं डायलिसिस गेलं," असं तो कमिटी मेंबर म्हणाला. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील येतात, आणि विमाधारकाच्या उपचारावर खर्चाची वरची मर्यादा नसते. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलातल्या रांगेला माणसं शिव्या देतात, आणि नाव निघालं की त्याच रांगेची आठवण काढतात. बदल्यात शेठ काय देतात? तीन लाखांचा फ्लोटर, म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून एकच रक्कम. आईवडील नाहीत, कारण ते घातले की प्रीमियम भडकतो. म्हणून पुढच्या कराराच्या मागणीपत्रात पहिल्या पाचात एक मागणी असते: आईवडिलांसह मेडिक्लेम.

हे कळल्यावर मी शीट बाजूला ठेवली आणि वेगळी यादी सुरू केली: कोणत्या कारखान्यात करार आहे, कोणत्या महिन्यात संपतो, आणि सध्या किती माणसं १८,००० ते २१,००० च्या पट्ट्यात आहेत. शेठना मेडिक्लेमची गरज रिन्यूअलच्या तारखेला वाटत नाही, मागणीपत्र टेबलावर आल्यावर वाटते. त्या वेळी त्यांना स्वस्त कोट नको असतो, हिशोब हवा असतो. आईवडील घेतले तर किती, निम्मा प्रीमियम कामगाराने भरला तर किती, १० किंवा २० टक्के को-पे, म्हणजे क्लेममधला कामगाराने भरायचा हिस्सा, ठेवला तर किती. ऐच्छिक ठेवलं तर आजारी आईवडील असलेलेच नाव देणार आणि दुसऱ्या वर्षी क्लेम रेशो, म्हणजे प्रीमियमच्या मानाने क्लेमची रक्कम, हाताबाहेर जाणार, हेही तेव्हाच सांगावं लागतं. हे गणित काकांना येत नाही. आमच्याकडे त्यासाठी माणसं बसलेली आहेत. कंपनी म्हणून आमचा खरा उपयोग इथे होता, आणि तो वर्षातून एका ठरलेल्या तारखेला नव्हे, तर तीन-चार वर्षांतून एकदा येणाऱ्या दोन महिन्यांत होता.

या याद्या लेबर युनियनवाल्यांशी, एचआरच्या मुलांशी, निमा-आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत चहा घेता घेता जमल्या. ऑक्टोबरात मधेच सगळं थंडावलं. निफाड-दिंडोरीकडच्या निम्म्या ऑपरेटरांच्या घरी द्राक्षबाग, छाटणीला रजा, आणि एचआरवाला हजेरीपटाशी झगडत बसलेला. तेव्हा कुणाला फायद्याच्या गोष्टी सांगायला जाऊ नये.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये, आराखडा आमच्या कंपनीतल्या मंजुरीच्या कमिटीपुढे जायच्या बेतात असताना, २१ तारखेला चारही लेबर कोड, म्हणजे नव्या कामगार संहिता, लागू झाले. त्या संध्याकाळपासून मला फोन येऊ लागले. त्याआधी मीच फोन करत होते. सगळ्यांचा प्रश्न एकच: ग्रॅच्युइटी किती वाढणार?

कोडमध्ये वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. आपल्याकडे बेसिक कमी आणि भत्ते जास्त ठेवायची रीत जुनीच. समजा एकूण ३०,००० रुपये आणि त्यात बेसिक-डीए १२,०००. वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी १५/२६ च्या सूत्राने (महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन) आधी १,३८,४६२ रुपये होत होती. आता वेतन १५,००० धरायचं, म्हणजे १,७३,०७७. एका माणसामागे साडेचौतीस हजारांहून जास्त. शिवाय मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला, आणि अंबडमध्ये अशा नेमणुका काही कमी नाहीत. २१,००० च्या रेघेचा हिशोबही नव्या व्याख्येने पुन्हा मांडावा लागला, म्हणजे माझी यादी पुन्हा पहिल्यापासून तपासणं आलं. गेली ती दिवाळीनंतरची सुट्टी!

ग्रॅच्युइटीची पुढची देणी मोजणाऱ्या अॅक्च्युअरीचं सर्टिफिकेट हे काम आमच्या शीटमध्ये अगदी तळाला होतं. फी कमी, किमतीत आम्ही टिकणार नाही, आणि सीए आपल्या ओळखीच्या अॅक्च्युअरीकडून मार्चअखेर करून घेतात. तरी मी ते वर आणायचा आग्रह धरला. त्या कामासाठी कारखाना जी फाइल पाठवतो तीत प्रत्येकाची जन्मतारीख, रुजू तारीख, वेतन असतं, आणि गेल्या काही वर्षांत किती जण सोडून गेले तेही. मेडिक्लेमचा हिशोब करायला आणि करार झाल्यावर किती माणसं रेघेपलीकडे जातील हे सांगायला हीच फाइल लागते. शेठ मेडिक्लेमसाठी ती देताना आढेवेढे घेतात, ऑडिटसाठी मुकाट देतात. अर्थात एका कामासाठी आलेली फाइल दुसऱ्या कामाला वापरायची तर लेखी परवानगी घ्यायची, हे मी आराखड्यातच घातलं. नंतर कुणाला तरी ते सोयीस्करपणे विसरायला झालं असतं.

काकांचं काय करायचं यावर मुंबईशी बरेच दिवस वाद झाला. मला त्यांना सोबत घ्यायचं होतं. कंप्लायन्सने पहिल्याच मेलमध्ये बजावलं, की दलालीतला वाटा असा परस्पर कुणाला देता येत नाही. ते बरोबरच होतं. मग मी उलटी गोष्ट सुचवली. ज्या कारखान्यात आपण मेडिक्लेम आणि ग्रॅच्युइटी घेऊ, तिथे फायर आणि मोटर विम्याला हात लावायचा नाही, आणि हे शेठना आणि काकांना आधीच सांगायचं. एका ग्राहकाला चार सेवा विकणं हाच वाढीचा मंत्र मानणाऱ्यांना हे ऐकून घाम फुटला. पण फायर पॉलिसी सुरक्षित आहे म्हटल्यावर दोन काकांनी स्वतःच शेठना सांगितलं, "हे कामगारांचं लफडं यांना करू द्या, आपल्याला झेपत नाही." रात्री दोनच्या फोनला तेही कंटाळलेच होते.

आणि तो फोन आता आम्हाला उचलायचा होता.

म्हणून आराखड्याचा दुसरा खर्डा मी खालून वर केला. एक सर्व्हिसिंगची मुलगी किती कारखाने सांभाळू शकते, इथून सुरुवात. तिचं काम बघायला एका टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, हेल्पडेस्कवर जाऊन बसले. नवीन माणूस लागला, त्याचं नाव चढवा. सोडून गेला, उतरवा. आधारवर जन्मतारीख वेगळी, कार्डवर वेगळी, म्हणून प्री-ऑथ, म्हणजे उपचाराची आगाऊ मंजुरी, अडकलं. बाळ झालं, त्याचं नाव मुदतीत घाला. विमा कंपनीकडे आगाऊ भरलेला सीडी बॅलन्स संपला म्हणून नाव चढवायचं एंडॉर्समेंट थांबलं, आणि नेमका त्यातलाच माणूस ॲडमिट. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामक आयआरडीएचा २०२४ चा नियम आहे, पण हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्याशिवाय ते घड्याळ सुरूच होत नाही, आणि घरचे सकाळपासून पिशव्या भरून बसलेले. यातलं ॲपने सुटण्यासारखं थोडं, फोनने सुटण्यासारखं बरंच.

एका मुलीकडे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कारखाने दिले की फोन सुटायला लागतात. एक फोन सुटला की ती बातमी चहाच्या टपरीवरून पूर्ण लाइनीत पसरते, कारण सगळे एकाच प्लँटचे व्हेंडर. तेव्हा वर्षाला किती नवे ग्राहक, याचं उत्तर सेल्सवर अवलंबून नव्हतं. वर्षाला किती मुली तयार होतात, यावर होतं. आणि त्या एमबीए नकोत. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर किंवा टीपीए डेस्कवर दोन-तीन वर्षं काढलेल्या हव्यात. त्यांना कोणत्या हॉस्पिटलात कुणाशी बोलायचं हे माहीत असतं.

कमिटीची मीटिंग ऑनलाइन झाली. सिंगापूरच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, की पहिल्या वर्षी उत्पन्नाच्या आधी माणसं का दाखवली आहेत. मी कराराची यादी उघडली. पुढच्या दीड वर्षात कोणत्या महिन्यात किती करार संपतात याचा साधा तक्ता. मार्च ते जून गर्दी, मधे मोकळं. गर्दीच्या वेळी शिकलेली मुलगी हवी तर ती सहा महिने आधी नोकरीवर हवी. यावर ते काही बोलले नाहीत. पण मुंबईचे सर म्हणाले, "तीन वर्षांचा आकडा निम्म्याहून कमी झालाय, हे लक्षात आहे ना?" लक्षात होतंच. मीच कमी केला होता.

मंजुरी मिळाली ती काटछाट करून. सेल्सची एक जागा गेली, सर्व्हिसिंगच्या दोन आल्या. मी तीन मागितल्या होत्या. रात्रीच्या फोनसाठी पाळी लावायची परवानगी मिळाली, पण भत्त्यावर अजून मेल चालू आहेत. त्र्यंबक रोडवर दोन खोल्या घेतल्या. सीएकडून आलेली ग्रॅच्युइटीची कामं आधी सुरू झाली आणि त्यातूनच मेडिक्लेमचे पहिले हिशोब निघाले. फी किती लावायची यावर घासाघीस रोजची आहे. शेठ लोकांना सल्ल्याचे वेगळे पैसे द्यायची सवय नाही. ब्रोकरला विमा कंपनी देते ना, मग आम्ही कशाला, हा त्यांचा प्रश्न. कराराच्या वेळच्या हिशोबाला मात्र दोघांनी कुरकुर न करता चेक दिला.

आराखड्यातली एक ओळ मी कोरीच ठेवली आहे. द्राक्षाच्या पॅकहाउसमधल्या बायका. हंगाम तीन-चार महिन्यांचा, ठेकेदार दरवर्षी बदलणारा, आणि ग्रुप पॉलिसी बारा महिन्यांची. त्यांच्यासाठी काहीतरी करा असं एका निर्यातदारांनी आपणहून म्हटलं, आणि मी दोन विमा कंपन्यांना विचारलं. उत्तर आलेलं नाही.

आता छत्रपती संभाजीनगरसाठी तीच जुनी शीट पुन्हा आली आहे, बेरीज भरलेली. वाळूज आणि शेंद्र्यातल्या करारांच्या तारखा मिळेपर्यंत ती भरणार नाही, असं मी कळवलं आहे. तिकडच्या युनियनमध्ये ओळखीचं कुणी असेल तर सांगा.